टोप्यांचं घर आणि एक अ‍ॅप्रन

लुडविग्सहाफेनच्या मराठी लोकांच्या दिवाळीला गेलं की माझी पंचाईत होते. तिथे दर दुसरा माणूस रसायनं करतो, उरलेले त्या रसायनांचे पंप करतात, आणि फराळाच्या रांगेत कोणीतरी विचारतंच, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "खून झालेल्या माणसांचे शर्ट सांभाळायचे. आता निवृत्त झाले." समोरचा माणूस चकलीसकट दोन पावलं मागे सरकतो. मग मी घाईघाईने खुलासा करते की मी टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांच्या कपडेपटात होते.

मिरजेला आईचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. तिथे काजं करत मी मोठी झाले. लग्न करून आखनला आले तेव्हा जर्मन येत नव्हतं, पण शिलाई मशीन कुठल्याही देशात सारखंच चालतं. आधी नाटकाच्या थिएटरात दुरुस्त्या केल्या, मग एका टीव्ही कंपनीने बोलावलं आणि तिथेच जन्म गेला. नवरा ऊवे बसचा मेकॅनिक होता. तो म्हणायचा, आपण दोघंही दुरुस्त्याच करतो, मी बसच्या आणि तू नटांच्या.

बाहेरच्यांना वाटतं कपडेपट म्हणजे नट्यांच्या मागे साड्या घेऊन पळणं. खरं काम वेगळंच. ज्याचा खून व्हायचा त्याचा एकच शर्ट अनेक प्रतींत लागतो. एक स्वच्छ, एक नुकता माखलेला, एक वाळलेला, शिवाय दिग्दर्शकाचं मन बदललं तर वर दोन. दुकानातून आणलेला कोट नवा दिसतो, म्हणून त्याची कोपरं सॅंडपेपरने घासायची, कॉलर खिसणीवर ओढायची, पांढऱ्या शर्टाला चहाच्या पाण्यात बुडवायचं. पडद्यावर जो कोट बघून तुम्ही "बिचारा गरीब दिसतो" म्हणता, त्या गरिबीवर आम्ही दिवसभर राबलेलो असतो.

या सगळ्याच्या मागे एकच नियम. माणसाने तोंड उघडायच्या आधी तो कोण आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. डॉक्टर डॉक्टर दिसला पाहिजे, लबाड लबाड. खऱ्या आयुष्यात लबाड माणूस किती साधा सोज्वळ दिसतो हे मला काय माहीत नाही? पण मालिकेत त्याला चकाकणारे बूट लागतात. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी न लाजता सांगते. माझ्या कपड्यांच्या गाडीत काय नाही असं नव्हतं. नन, खाटीक, ट्रामचा तिकीट तपासनीस, कोणीही मागा, तयार.

एकदा एका भागात भारतीय वकीलबाई होती. काम करणारी मुलगी ड्युसेलडॉर्फलाच जन्मलेली, मराठी तर सोडाच, तिला मसाल्याचा चहाही चालत नव्हता. मी तिला छान करडा सूट दिला. दिग्दर्शक म्हणाला, "थोडी भारतीय दिसू दे ना, लोकांना कळायला पाहिजे." त्याला साडीच हवी होती. मी माझ्या ट्रंकेतला एक रेशमी स्कार्फ काढून तिच्या गळ्यात बांधला आणि सगळे खूश झाले. मलाही वाटलं, काय शिताफीने वाचवलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. जर्मनीत विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना असतात, त्यांना फेरबिंडुंग म्हणतात. विद्यापीठाच्या गावात त्यांचं मोठं घर असतं, मुलं तिथे राहतात, आणि एकदा सभासद झालं की मरेपर्यंत सभासद. समारंभाला डोक्यावर रंगीत टोपी आणि छातीवरून तिरका तीन रंगांचा पट्टा. अमेरिकन सिनेमातल्या अशा घरांमध्ये पोहण्याचा तलाव आणि अंगाला चादरी गुंडाळलेली दारुडी पोरं असतात. आमच्या जर्मन मालिकांतल्या घरांमध्ये तळघर, तलवार, गालावर व्रण, आणि भाग सुरू झाल्या झाल्या जिन्याखाली एक प्रेत. असे भाग मी किती सजवलेत! व्रण मेकअपवाल्यांचे, बाकी सगळं माझं. खऱ्या फेरबिंडुंगच्या घरात मात्र मी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्यामुळे चिंचवडहून वंदनाताईंचा फोन आला तेव्हा माझी खरी पंचाईत झाली. वंदनाताई म्हणजे ऋतुजाची आई, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. ऋतुजा आखनला यंत्रशास्त्र शिकायला आलेली, गणपतीत माझ्याकडे मोदकांना पाकळ्या पाडताना रडकुंडीला येणारी पोरगी. आखनमध्ये खोली मिळणं म्हणजे देव मिळण्यासारखं. ती एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपत होती आणि मग तिला खोली मिळाल्याचं मला कळलं होतं. कुठे, ते नव्हतं कळलं.

"अहो माधुरीताई," वंदनाताई म्हणाल्या, "ही म्हणते मी कसल्याशा टोप्यांच्या घरात राहते. मुलगे मुली एकत्र. मी मोबाइलवर तसल्या घराचा सिनेमा बघितला. मला तर जेवण गेलं नाही. तुम्ही तिथल्या, तुम्हीच सांगा, असं असतं का हो?"

त्यांनी बघितलेलं अमेरिकेचं होतं आणि मी बघितलेलं मीच शिवलेलं. दोघींनाही काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "जाऊन बघते आणि सांगते."

चिवड्याचा डबा घेऊन गेले. दार ऋतुजानेच उघडलं आणि पहिली गोष्ट म्हणाली, "काकू, चपला इथे." आत एक अवाढव्य मुलगा आणि एक चष्मेवाली मुलगी भांडी धुण्याच्या यंत्रावरून कडाकडा भांडत होते. कढई उलटी ठेवायची की सुलटी. भिंतीवर सफाईच्या पाळ्या लावलेल्या. खालच्या हॉलमध्ये कोणीतरी पवनचक्कीच्या बेअरिंगवर व्याख्यान देणार होतं म्हणून खुर्च्या मांडणं चाललं होतं. मी तळघर बघायचा हट्ट धरला. तळघरात सायकली होत्या आणि कोणाचे तरी वाळत घातलेले पायजमे.

मला धक्काच बसला. तो धक्का कसला होता हे सांगायला हवं. इथे भयंकर काही नाही याचा आनंद व्हायच्या आधी मला राग आला, की मग इतकी वर्षं मी काय शिवत होते?

"तलवार?" मी विचारलं.

"एक आहे ना, बोथट. टेबलावर आपटायची," ऋतुजा म्हणाली. "आमच्याकडे द्वंद्व नाही. टेकडीवर दुसऱ्या एका फेरबिंडुंगचं घर आहे, तिथे खेळतात, तिथे गालही कापून घेतात. तिथली काही पोरं फार घाणेरडं बोलतात परदेशी लोकांबद्दल. तिथे मी जाणार नाही, आणि तेही मला घेणार नाहीत. काकू, टीव्हीत दाखवतात ते सगळंच खोटं नाही. पण प्रत्येक घर तेच म्हणून दाखवतात."

हे तिने सांगितलं म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास बसला.

मग तिने आणखी एक गोष्ट जरा लाजत सांगितली. या सहामाहीला ती या घराची झेनिओर होती, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेली प्रमुख. जिन्यातलं घड्याळ दुरुस्त करायला एक म्हातारे गृहस्थ आले होते, हेर लेनार्त्स, म्हणजे लेनार्त्स साहेब. जुने सभासद, खाणीत इंजिनीयर होते. मुलींना सभासद करायचं ठरलं तेव्हा विरोधात हात वर करणाऱ्यांत ते पहिले. "आता त्यांना सभेत बोलायचं असलं की माझी परवानगी घ्यावी लागते," ऋतुजा म्हणाली. हेर लेनार्त्सना ऐकू कमी येतं, ते आमच्याकडे बघून नुसते हसले.

पुढे एका संध्याकाळी मला त्यांच्या समारंभाचं आमंत्रण आलं. लांब टेबलं, टोप्या, पट्टे, बिअरचे ग्लास, आणि काही ग्लासांत सफरचंदाचा रसही. टेबलाच्या टोकाशी ऋतुजा उभी. एवढीशी मूर्ती, पण तिने ती बोथट तलवार टेबलावर आपटली आणि म्हणाली, "सिलेन्त्सिउम!" म्हणजे शांतता. सगळा हॉल चिडीचूप झाला. तिथला नियमच असा की त्यानंतर झेनिओरच्या परवानगीशिवाय कोणी बसायचं नाही, गायचं नाही, ग्लास उचलायचा नाही. हेर लेनार्त्स तर तिच्या हाताकडे डोळे लावून बसलेले, कारण त्यांना शब्द ऐकूच येत नव्हते. तिने मान हलवली की ते उठायचे, मान हलवली की बसायचे. या मुलीच्या मोदकाला पाकळ्या येत नव्हत्या हे मला आठवलं आणि माझे डोळे भरून आले.

वंदनाताईंना मी सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. "तुम्ही आता तिच्याच बाजूने बोलणार," त्या म्हणाल्या. त्यांनी ठरवलं की उन्हाळ्यात स्वतः यायचं आणि मुलीला त्या घरातून बाहेर काढायचं. ऐकली नाही तर शिक्षण पुरे, चिंचवडला परत.

आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या कंपनीला फेरबिंडुंगवरच्या नव्या भागासाठी खरं घर हवं झालं. मी ऋतुजाला नुसतं बोलता बोलता सांगितलं. तिने ती गोष्ट घराच्या सभेत मांडली. काही जण नको म्हणाले. हेर लेनार्त्स म्हणाले, ही टीव्हीवाली माणसं येतात तेव्हा काय बघायचं ते घरून ठरवून येतात. ऋतुजाने सगळ्यांची मनं वळवली. खरं घर, खरी माणसं कॅमेऱ्यासमोर आली तर लोकांना निदान दिसेल तरी, असं तिचं म्हणणं. टेबलाभोवतीचे सभासद म्हणून घरातलेच सगळे बसणार आणि ऋतुजाही टोपी घालून झेनिओर झालेल्या नटाशेजारी बसणार असं ठरलं. तिने आईला फोन केला. "आई, तू इथे आलीस की टीव्हीवर बघ. मी त्यात असेन, टोपी घालून. ते बघून काय ते ठरव." वंदनाताई म्हणाल्या, "ठीक आहे. बघते आणि ठरवते." त्या मुलीचं सगळं त्या एका दृश्यावर येऊन ठेपलं होतं, आणि त्यात मीही होते.

माझ्यापुढे पहिला प्रश्न रंगांचा. मालिकेतल्या खोट्या फेरबिंडुंगला खऱ्या कोणाचे रंग देऊन चालत नाही, लगेच वकील येतात. आणि या देशात इतक्या संघटना आहेत की कुठलेही तीन रंग घ्या, ते कोणाचे तरी असतातच. आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात रिबिनी पसरून डोकं खाजवलं. शेवटी जांभळा, राखाडी आणि विटकरी असं एक मेळ नसलेलं त्रिकूट निघालं, जे आजवर कोणाच्याही मनात आलं नव्हतं. ऊवे बघून म्हणाला, "का ते कळतंय." मी टोप्या शिवल्या. ऋतुजाची टोपी मागून जराशी सैल केली, कारण तिचा अंबाडा मोठा.

चित्रीकरणाच्या दिवशी टोपी घालून ती आरशासमोर उभी राहिली. मी पट्टा सरळ केला, फोटो काढला आणि तिला हॉलमध्ये पाठवायला निघाले. दारात दिग्दर्शक भेटला. टिल त्याचं नाव, चांगला माणूस, मी आजारी असताना सूप घेऊन आलेला.

"ही कोण?" तो म्हणाला.

"ऋतुजा. या घराची झेनिओर."

"खरंच? छान." तो तिच्याशी हात मिळवून हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "माधुरी, हे चालणार नाही. आल्झो, असं बघ, फेरबिंडुंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोरे मुलगे. हिला टोपी घालून तिथे बसवली तर बघणारा खून विसरून हिचाच विचार करत बसेल."

"पण ती खरंच इथली आहे."

"गेनाऊ, अगदी तेच. खरं असून भागत नाही. खरं वाटलं पाहिजे. हे तूच मला शिकवलंस ना?"

मी शिकवलं होतं. चकाकत्या बुटांच्या वेळी.

"मग तिला घरी पाठवते," मी म्हटलं.

"घरी कशाला? एवढी आली आहे तर दिसू दे ना. अशा घरात पुत्सफ्राउ असतेच. ट्रे घेऊन कोपऱ्यात उभी राहील. तुझ्याकडे अ‍ॅप्रन आहे ना?"

पुत्सफ्राउ म्हणजे झाडूपोछा करणारी बाई. त्या घरात अशी बाई नव्हती. संडाससुद्धा पाळीपाळीने ती अवाढव्य पोरं घासायची. पण अ‍ॅप्रन माझ्याकडे होता. माझ्या गाडीत सगळंच असायचं, त्याचीच तर मला प्रौढी.

ऋतुजाने सगळं ऐकलं होतं, जर्मन तिला माझ्याहून चांगलं येतं. मी तिच्याशी मराठीत बोलले. "चल, मी सांगते तुला बरं नाही. जा तू वर."

"नको काकू. मी गेले की खाली बसलेले सगळे उठून येतील. मग करार मोडला म्हणून ही कंपनी घरावर दावा लावेल. हे मीच सगळ्यांच्या गळी उतरवलंय, आता निस्तरायलाही मीच पाहिजे." तिने टोपी काढली. ती माझ्या हातात दिली. "बांधा तुम्ही."

अहो, मी हजारो गाठी बांधल्या असतील त्या नोकरीत. ती गाठ मला बांधता येईना. शेवटी तिनेच मागे हात नेऊन बांधली.

हॉलमध्ये सभासद आपापल्या जागी बसलेले. टेबलाच्या टोकाशी झेनिओर झालेला नट, गालावर मेकअपचा व्रण. ऋतुजा ट्रे घेऊन कोपऱ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा हॉलमध्ये एक कुजबुज गेली. तो कढईवरून भांडणारा मुलगा अर्धवट उठला. तिने त्याच्याकडे बघून बस अशी खूण केली आणि तो बसला.

कॅमेरा सुरू झाला. नटाने तलवार आपटली. "सिलेन्त्सिउम!"

आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या टोप्या वळल्या. कोपऱ्याकडे.

"कट! तिकडे काय बघता? याच्याकडे बघा," टिल म्हणाला.

पुन्हा. तलवार, सिलेन्त्सिउम, आणि पुन्हा सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे. ते मुद्दाम करत नव्हते, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. महिनोन्‌महिने त्या शब्दापाठोपाठ त्या मुलीकडे बघायची सवय होती, मान आपोआपच वळत होती. हेर लेनार्त्स तर नटाकडे पाठ करून बसले होते. त्यांना शब्द ऐकू येत नव्हता, त्यामुळे त्यांच्यापुरती झेनिओर जिथे उभी तिथेच टेबलाचं टोक.

"अरे ती कामवाली आहे!" टिल वैतागला. "तिच्याकडे कोणी बघायचं नाही!"

"ती आमची झेनिओर आहे," कढईवाला म्हणाला.

टिलला तो विनोद वाटला. तो हसला आणि म्हणाला, "चला, पुन्हा."

तिसऱ्या खेपेला तर गोंधळच झाला. नट ओरडला, माना वळल्या, आणि कोणी गप्पच होईना, कुजबुज वाढत चालली. मी कॅमेऱ्यामागे उभी राहून बघत होते. ऋतुजाने दोन्ही हातांत ट्रे धरलेला. तिने किंचित मान हलवली. एवढीशीच, हेर लेनार्त्सना कळेल अशी. आणि हॉल असा शांत झाला की दिव्याची गुणगुण ऐकू यावी.

"परफेक्ट!" टिल ओरडला. "ही शांतता! हेच हवं होतं मला."

मला वाटलं, वळलेल्या माना तो कापून टाकेल आणि नुसती शांतता ठेवील. माना वळलेलं दृश्य तो कशाला वापरेल?

पुढच्या उन्हाळ्यात वंदनाताई आल्या. त्यांच्या व्हिसासाठी मी आणि ऊवेने जामीन राहून कार्यालयाच्या खेपा घातल्या होत्या. त्या माझ्याकडेच उतरल्या, कारण त्या घरात पाणीही पिणार नाही असा त्यांचा निश्चय. भाग त्या रविवारी संध्याकाळी लागायचा होता. अ‍ॅप्रनचं ऋतुजाने आईला सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, "कापलं असेल हो काकू. मी दिसणारच नाही. बरंच आहे." पण न दिसणं बरं नव्हतं, कारण आईने तेच बघून ठरवायचं होतं.

सोफ्यावर वंदनाताई, ऋतुजा, मी, आणि आमची मुलगी लेना. लेनाला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ऊवे खुर्चीत. प्रेत आलं, जिना आला, तळघर आलं. त्या तळघरात आमच्या लोकांनी सायकली हलवून मेणबत्त्या लावल्या होत्या. मग हॉल आला.

तलवार आपटली. सिलेन्त्सिउम. आणि सगळ्या टोप्या एकसाथ कोपऱ्याकडे वळल्या. खाली चेलोचा खर्जातला घुमणारा सूर. कॅमेरा त्या चेहऱ्यांवरून सावकाश फिरत गेला आणि अ‍ॅप्रनमधल्या ऋतुजावर येऊन थांबला. तिची मान किंचित हलली, पण ती अशी कापून जोडली होती की घाबरून तिने मान खाली घातली असं वाटावं. मग ती भयाण शांतता.

आदराने वळलेल्या माना होत्या त्या. कोणी एक शब्द बदलला नव्हता, एक चेहरा बदलला नव्हता. नुसता एक सूर खाली घातला होता आणि वर माझा अ‍ॅप्रन. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा हादरा मला कधी बसला नव्हता, आणि मी ज्या धंद्यात होते त्यात खून रोजचेच.

लेना म्हणाली, "माइन गॉट, मामा, वी दी सी आनस्टारेन." अरे देवा, आई, कसे रोखून बघतायत तिच्याकडे, म्हणून तिला शिसारी आली होती. ऋतुजा समोर बसलेली असताना, तिला आणि तिच्या मित्रांना ती ओळखत असतानाही! माझा फोन वाजायला लागला. कंपनीतल्या मैत्रिणी लिहीत होत्या की त्या नजरांनी थरकाप उडाला, काय दृश्य जमलंय. ऋतुजा खाली मान घालून नखं कुरतडत होती.

वंदनाताई पडद्याकडेच बघत होत्या. भाग संपला. मला वाटलं, आता उद्याचं विमान. मग त्या म्हणाल्या, "ते टेबलाचं पुन्हा लागेल का हो?"

ऊवेने लावून दिलं.

"आणि तो आवाज बंद करा. त्या वाद्याने डोकं उठलंय. भाषा तर मला कळतच नाही."

आवाज बंद झाला. तलवार आपटली, टोप्या वळल्या, ऋतुजाची मान हलली, सगळे थांबले. त्यांनी परत लावायला सांगितलं. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"आमच्या शाळेत तपासनीस यायचे," त्या म्हणाल्या. "वर्गात येऊन पोरांना म्हणायचे, बसा. पोरं बसायची नाहीत. आधी माझ्याकडे बघायची. मी अशी मान हलवली की मग बसायची." त्या ऋतुजाकडे वळल्या. "तो तलवारवाला तपासनीस आहे. तू कोण आहेस गं तिथे?"

ऋतुजा आईच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. तिच्या वतीने मीच सांगितलं, कोण आहे ते.

सगळं ऐकून घेतल्यावर वंदनाताईंनी शांतपणे विचारलं, "मग हे फडकं हिला कोणी बांधायला दिलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. नुसतं बघितलं माझ्याकडे. ऊवेला मराठी येत नाही, पण तो उठून चहा करायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्या टोप्यांच्या घरी गेल्या. चपला दारात काढल्या, आत कोणी बूट घालून फिरत नाही हे बघून त्यांचं अर्धं समाधान झालं. कढईवाल्याने त्यांना पाणी आणून दिलं आणि त्या प्यायल्या. हेर लेनार्त्स घड्याळाच्या शिडीवरून उतरून आले आणि मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, म्हणाले, "मी तुमच्या मुलीविरुद्ध मत दिलं होतं, आईसाहेब. चूक होती." ऋतुजाने भाषांतर करताना ते वाक्य गाळलं. मी ते नंतर वंदनाताईंना सांगितलं. ऋतुजा त्याच घरात राहिली आणि तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी निवृत्त झाले. तो भाग मात्र अजून लागतो. शेजारच्या बाई परवाच कुंपणावरून म्हणाल्या, तुमचा तो फेरबिंडुंगचा भाग पुन्हा बघितला, त्या बिचाऱ्या कामवालीकडे ती पोरं बघतात ना, अजून झोप उडते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "हो, हो. पण तसंच असतं ना त्या घरांमध्ये?"

ती सैल टोपी माझ्याकडेच आहे. अ‍ॅप्रन मी दिला हे कळूनही वंदनाताई माझ्याशी फोनवर अजून नीट बोलतात, दर दिवाळीला. ते दृश्य नीट बघणारी बाई ती एकच निघाली. बाकी सगळ्या जर्मनीने ते दृश्य आवाज चालू ठेवून बघितलं.